अमानतीचा फायटर

लातूरच्या गोलाईच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर, बांगड्यांच्या दुकानांची रांग संपते तिथं तय्यब काचवाल्यांचं दुकान होतं. पाटीवर ‘रोशन फ्रेम अँड अ‍ॅक्वेरियम’ असं लिहिलेलं होतं, पण त्यातलं ‘फ्रेम’ पुढे पुढे कुणी वाचेनासं झालं. आत शिरलं की डाव्या हाताला माशांच्या पेट्या, उजव्या हाताला आरशांचे तुकडे, आणि मधोमध लाकडी स्टुलावर खुद्द तय्यबचाचा. बुटका बांधा, मेंदी लावलेली दाढी, डोळ्यांवर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. हा दुसरा कशासाठी, हे त्यांच्या बायकोला, बानोचाचीलासुद्धा इतक्या वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं.

माणूस गोड, पण डोकं गरम. पेटीच्या काचेवर बोटानं टकटक करणाऱ्या गिऱ्हाइकाशी त्यांचं कधीच जमलं नाही. मग तो कितीही मोठा असो. एकदा एका नगरसेवकाला त्यांनी सरळ विचारलं होतं, “साहेब, तुमच्या दाराला कुणी दिवसभर थापा मारून राहिलं तर तुम्ही जेवाल का?” नगरसेवक हसले, मासे न घेता गेले, आणि चाचा दुपारभर खुशीत होते.

माशांना ते नावं ठेवायचे, अगदी मोहल्ल्यातल्या माणसांना ठेवावीत तशी. टायगर बार्ब म्हणजे गुंड, कारण तो दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. एंजल म्हणजे पतंग. गप्पी म्हणजे बारशावर बारसं. निऑन टेट्राच्या झुंडीला ते ‘ईदची लायटिंग’ म्हणत. कोपऱ्यातल्या मोठ्या पेटीत एक जाडजूड ऑस्कर होता, तो कुणालाच विकायचा नव्हता. त्याचं नाव जमादार. चाचा नमाजाला गेले की जमादार दाराकडे तोंड करून थांबायचा, असं चाचांचं म्हणणं होतं. चाचीचं म्हणणं होतं की तो खाण्याच्या डब्याकडे बघतो, आणि डबा दाराजवळच असतो.

पण हा माणूस पहिल्यापासून मासेवाला नव्हता. आजा काचवाला, बाप काचवाला. काच कापायचा हिरा त्यांच्या घरात तीन पिढ्यांचा. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, मॅट्रिकची सर्टिफिकिटं, असलं चांगलं चांगलं काचेमागं घालून द्यायचा धंदा. त्र्याण्णव साली गणपती बुडवून लोक निजले आणि पहाटे जमीन हलली. दुकानातली निम्मी काच फुटली, पण दुकान उभं राहिलं. पंधरा-वीस दिवसांनी किल्लारीकडची माणसं यायला लागली. कुणाच्या हातात पासपोर्टएवढा फोटो, कुणाच्या हातात लग्नाचा ग्रूप आणि त्यातल्या एका चेहऱ्यावर टेकवलेलं बोट. फोटोग्राफर तेवढा चेहरा मोठा करून द्यायचा आणि चाचा त्याला चौकट घालायचे. त्या हिवाळ्यात त्यांनी दुसरं काहीच केलं नाही. संध्याकाळी घरी आले की हात धुऊन नुसते बसायचे. चाची जेवायला हाक मारायची, तेव्हा दचकायचे.

त्या गर्दीतच एक दिवस अण्णाराव आले होते. किल्लारीचे शेतकरी, घरची चांगली बारा एकर जमीन, पण अंगात दुसऱ्याचा शर्ट. बरोबर सहा वर्षांची मुलगी. बायकोचा फोटो कुणाच्या तरी बारशातला होता, मान अर्धी वळलेली. चाचांनी काच पुसली, चौकटीत बसवली, मागून चुका ठोकल्या आणि फोटो मुलीच्या समोर धरला. पोरीनं बराच वेळ बघितलं. मग बापाला म्हणाली, “बाबा, आई हालत का न्हाई?”

अण्णारावांनी तिला उचलून घेतलं. चाचांनी फ्रेम कागदात गुंडाळून दिली, एवढंच. पण ते दोघं गेल्यावर त्यांनी हिरा डबीत ठेवला, शटर ओढलं आणि दुकानामागच्या घरी जाऊन चाचीला सांगितलं, “बानो, मला काचेच्या मागं हलणारं काहीतरी पाहिजे. नाही तर मी वेडा होईन.”

असा तो मासेवाला झाला. काच घरचीच होती, चिकटवायचा मसाला हैदराबादहून आणला. पहिली पेटी गळली आणि खालच्या फ्रेमांना पाणी लागलं. दुसरी गळली नाही, पण चाचांनी ती आरसे धुतात तशी सोड्यानं स्वच्छ धुतली होती, त्यामुळे त्यात सोडलेले बारा मॉली मासे संध्याकाळपर्यंत उलटे होऊन तरंगले. चाची हसली नाही. तिनं पेटी आठवडाभर नुसत्या पाण्यानं भरून रोज रिकामी केली आणि म्हणाली, “आता आणा.” तिसऱ्या खेपेपासून मासे जगायला लागले.

मग लातुरात क्लासेस आले. आले म्हणजे पूर आला म्हणायचा. गल्ल्या-गल्ल्यांत होस्टेलं, घराघरांत खोल्या भाड्यानं, सकाळी साडेपाचला सायकलींच्या घंटा, भिंतीभिंतीवर पोरांचे फोटो आणि खाली मार्क. नांदेडची, परभणीची, बीडची, उस्मानाबादची पोरं. सोळा वर्षांची लेकरं, पहिल्यांदा घर सोडून आलेली. त्यांना मासा पाळायचा असायचा. पण खोली सात बाय आठची, टेबल एक, आणि पंप लावला तर घरमालकीण विजेवरून ओरडणार. चाचांनी त्यांच्यासाठी फायटर मासा काढला. फायटरला पंप लागत नाही, तो वर येऊन हवेतून श्वास घेतो. एका मोठ्या बरणीत राहतो. आणि त्याला एकटंच ठेवावं लागतं, दुसरा फायटर दिसला की मारामारी.

“तुमच्यासारखाच हाय,” चाचा पोरांना सांगायचे. “एकटा, आन् डोक्यात सारखी दुसऱ्याला हरवायची घाई.”

फायटर देताना चाचांची एक पद्धत होती, ती हैदराबादेतही कुणाची नसेल. बरणीबरोबर ते आरशाचा एक तुकडा द्यायचे, काड्याच्या पेटीएवढा, कडा घासून गुळगुळीत केलेला. “रोज दोन मिनिटं दाखवायचा. तो समजतो दुसरा आला, आन् फुलतो. कल्ले उघडतो, शेपटी पंख्यासारखी करतो. त्याची कसरत होती. पण दोन मिनिटं, जास्त न्हाई. सारखं स्वतःलाच दुश्मन समजून राहिला तर थकून मरंल.” हे शेवटचं वाक्य ते पोराच्या डोळ्यांत बघून म्हणायचे.

दुसरी पद्धत अमानतीची. मे महिन्यात परीक्षा संपल्या की पोरं गावी जायची. एसटीत बरणी कोण नेणार? मग चाचांनी मागच्या भिंतीला एक लांब फळी ठोकली. पोरांनी बरणी तिथं ठेवायची, वर चिठ्ठी चिकटवायची: नाव, गाव, माशाचा रंग. पुन्हा आलात तर घेऊन जा. उन्हाळ्यात त्या फळीवर चाळीस-पन्नास बरण्या असायच्या, मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे, म्हणजे शेजाऱ्यावर कुणी भडकू नये. चाचांचा नियम कडक होता. अमानतीतला मासा मेला तर चिठ्ठीवर ‘इंतकाल’ आणि तारीख लिहायची, पोरगा आला की खरं सांगायचं आणि दुसरा मासा फुकट द्यायचा. गुपचूप बदलायचा नाही. पोरांना काय कळणार, असं कुणी म्हटलं की चाचा म्हणायचे, “मला कळंल ना.” आठ वर्षांत एकदाही त्यांनी हा नियम मोडला नव्हता. आणि मोडला तो अण्णारावांच्या पोरीसाठी.

तिचं नाव वर्षाराणी. दोन हजार तीनच्या जुलैत अण्णाराव तिला घेऊन लातूरला आले. दहावीला ती तालुक्यात पहिली आली होती. आता अकरावी, बारावी आणि डॉक्टरकी. भूकंपानंतरच्या तंबूंमध्ये एक डॉक्टरीण बाई रोज येत असे. तेव्हापासून अण्णारावांनी ठरवूनच टाकलं होतं, आणि गावानं त्यांच्यापेक्षा जास्त. होस्टेलवर सामान टाकून अण्णाराव तिला घेऊन थेट दुकानात आले, कारण सबंध लातुरात त्यांना नावानिशी माहीत असलेलं माणूस हे एकच.

“तय्यबभाई, वळखलं का? फोटो नेला होता.”

चाचांनी बापाला नाही, मुलीला ओळखलं. त्यांनी निळ्या रंगाचा, लाल कडांचा एक फायटर पिशवीत घातला आणि तिच्या हातात दिला. शेपटीच्या वरच्या अंगाला नखाएवढी खाच होती. मग नेहमीचं भाषण: आरसा दोन मिनिटं, खाणं दोन दाणे, पाणी शिळं करून. “आन् एक सांगतो बेटा. फायटर म्हणजे दोन वर्षांचा पाहुणा, लई झालं तर अडीच. हा आत्ता सहा महिन्यांचा हाय. जाईल तेव्हा रडायचं न्हाई.”

“न्हाई रडत,” वर्षाराणी म्हणाली.

ती दोन वर्षं वर्षाराणी दर रविवारी दुकानात यायची. माशाच्या खाण्याचं निमित्त असायचं, पण महिन्याची पुडी एका आठवड्यात संपते कशी, हे चाचांनी कधी विचारलं नाही. ती जमादाराच्या पेटीसमोर बसायची. चाची आतून भाकरी आणि लसणाची चटणी आणून द्यायची. बोलायची कमी. पहिल्या वर्षी क्लासमध्ये तिचा नंबर तिसऱ्या तुकडीत लागला, दुसऱ्या वर्षी चौथ्या. तालुक्यात पहिल्या आलेल्या अशा दोनशे जणी इथं होत्या. “घरी काय सांगू चाचा?” एकदाच ती म्हणाली.  चाचांनी तिला गप्पीची नवीन पिल्लं दाखवली.

दोन हजार पाचच्या मेमध्ये सीईटी झाली आणि वर्षाराणी बरणी घेऊन आली. तिनं ती अमानतीच्या फळीवर ठेवली, चिठ्ठी चिकटवली: वर्षाराणी अण्णाराव, किल्लारी, निळा. मग पाठ न वळवताच म्हणाली, “चाचा, म्या ह्याच्यावर कौल लावलाय.”

“काय?”

“देवाला लावतात तसा. नंबर लागला तर प्रश्नच न्हाई. न्हाई लागला, तर पुन्हा वर्षभर बसायचं का न्हाई, ते हा ठरवील. मी येईपर्यंत जगला, तर बसंन. मेला तर न्हाई. बाबाला सांगितलंय. बाबा हाव म्हणले.”

चाचा स्टुलावरून उठलेच. “अगं, म्हातारा झाला तो! त्याच्यावर कसलं लावतीस? लावायचाच तर जमादारावर लाव, दहा वर्षं हालत न्हाई.”

“लावला तर लावला. कौल बदलत नसतेत.”

आणि ती एसटी पकडायला गेली. चाचा बराच वेळ त्या बरणीसमोर उभे होते. पोरीच्या जातीला हट्ट असतो, वय असतं, दिवसांचा हिशेब नसतो, असं त्यांनी मनाशी म्हटलं. त्या दिवसापासून त्या एका म्हाताऱ्या माशाची जी बडदास्त सुरू झाली, ती चाचांच्या स्वतःच्या आजारपणात झाली नव्हती. पाणी मातीच्या रांजणात शिळं केलेलं. बदामाचं वाळलेलं पान पाण्यात घातलेलं, अंगाला गुणकारी म्हणून. डासांच्या अळ्या चाची ओढणीनं गाळून आणायची आणि वर टोमणा मारायची, “माझ्या आईला तरी इतकं केलं होतं का?” मासा दोन दाणे खायचा आणि पानावर टेकून पडून राहायचा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल लागला. बारावीला वर्षाराणीला चांगले मार्क होते, सीईटीत मात्र नंबर लागण्याइतके नव्हते. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी चाचांनी शटर उघडलं, तर निळा फायटर पानाखाली आडवा. त्यांनी चिठ्ठी काढली, पेन काढलं, ‘इं’ लिहिला, आणि फोन वाजला.

अण्णाराव होते, किल्लारीच्या बूथवरून. “तय्यबभाई, पोरगी बोलत न्हाई, नीट जेवत न्हाई. नुसती आईच्या फोटोखाली बसून राहिलीय. काही विचारलं की म्हणती, मासा कसाय ते विचारा आधी. कसाय हो?”

समोर बरणी, त्यात आडवा मासा. चाचांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला वाईट काच दिली नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “मजेत हाय. रविवारी घेऊन या पोरीला.”

फोन ठेवल्यावर आधी त्यांनी स्वतःला एक शिवी दिली. मग तंबाखूची डबी रिकामी केली, तिच्यात ओला कापूस घातला आणि त्यावर मासा ठेवला. फ्रेमवाल्याला नमुन्याशिवाय पट्टी जुळवता येत नाही, आणि मेल्या माशाचा रंग तासातासाला उतरतो. दुकानातले फायटर एकेक करून डबीशेजारी धरून पाहिले. कुणी हिरवट, कुणी जांभळा. दहाच्या नांदेड गाडीत ते बसले तेव्हा चाचीला एवढंच म्हणाले, “रिजवानकडं जाऊन येतो.”

रिजवान नांदेडचा मासेवाला, चाचांपेक्षा वीस वर्षांनी लहान, जिभेनं तिखट. त्याच्याकडे साठ-सत्तर फायटर होते, प्रत्येक वेगळ्या बाटलीत. चाचा त्या रांगेसमोर उकिडवे बसले आणि एकेक बाटली उजेडाला धरून डबीतल्या माशाशी ताडायला लागले. हा लालसर, ह्याची मान जाड, ह्याचा डोळा बारीक. दोन तास झाले.

“चाचा,” रिजवान म्हणाला, “मासा घेऊन राहिले, का सून पसंत करून राहिले?”

शेवटी एक सापडला. तोच निळा, तीच लाल कड, अंगानं किंचित भरलेला. फक्त शेपटीला खाच नव्हती. रिजवाननं कात्री काढली. “लावू का एक टिचकी? कुणाच्या बापाला कळणार न्हाई.”

चाचा असे भडकले की शेजारचा सायकलवाला बघायला आला. “ठेव ती कात्री! खोटं मी बोलणार हाय, हा न्हाई. ह्याला कशाला जखम?” मग जरा शांत होऊन म्हणाले, “शेपटी भरून येत असती माशाची. आली भरून. बस.”

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्याभोवती. कंडक्टरनं विचारलं, “काय हाय ह्याच्यात?”

“डॉक्टर हाय,” चाचा म्हणाले.

“मग फुल तिकीट लागंल,” कंडक्टर म्हणाला आणि हसत पुढे गेला.

घरी येऊन चाचांनी जुना मासा अंगणातल्या मेंदीच्या झाडाखाली पुरला. चाची दारात उभी राहून बघत होती. तिनं दुकानात अर्धवट लिहिलेली चिठ्ठी पाहिली होती, तिला सगळं कळलं होतं. “आठ वर्षांत पहिल्यांदा,” ती म्हणाली. “अल्लामियाँनी विचारलं तर काय सांगणार?”

“सांगीन, एक पोरगी होती. लहानपणी तिनं एक गोष्ट विचारली होती, मला जवाब देता आला न्हाई.” चाचांनी हात झाडले. “पुढं ते काय म्हणतील ते ऐकून घेईन.”

चाचीनं वाद घातला नाही. ती ‘इं’ लिहिलेली चिठ्ठी चाचांनी तंबाखूच्या डबीत ठेवून दिली आणि बरणीवर तशीच नवी चिकटवली.

रविवारी बाप-लेक आले. एकोणीस जून. चाचांनी त्या दिवशी स्वच्छ सदरा घातला होता आणि सकाळपासून तीन वेळा चहा घेतला होता. वर्षाराणी वाळली होती. ती फळीपाशी गेली, वाकून बरणीत बघितलं. नवा मासा वर आला, हवा घेतली, गोल फिरला.  अण्णाराव टोपी हातात घेऊन उभे. मग तिनं पिशवीतून तो आरशाचा तुकडा काढला आणि बरणीला लावला.

मासा असा फुलला, असा फुलला की विचारू नका. कल्ले काळे कुळकुळीत उघडले, शेपटी पदरासारखी पसरली, आरशावर धडका द्यायला लागला. चाचांनी मांडीवर थाप मारली. “बघ! बघ कसा फुलला! हवा मानवली त्याला आमची. आन् शेपटीची खाचसुद्धा भरून आली, बघितलीस का?”

वर्षाराणीनं मान वर करून चाचांकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. चाचा चष्मा पुसायला लागले, पण हातात आला तो कपाळावरचा.

“हाव,” ती म्हणाली. “हाच हाय.” आणि बापाकडे वळून म्हणाली, “बाबा, सामान कधी आणायचं?”

अण्णारावांनी टोपी डोक्यावर चढवली. चाचीनं त्यांना पाणी दिलं.

पुढचं वर्ष वर्षाराणीनं काढलं. रविवारी यायची, भाकरी खायची, जमादाराशी बोलायची. बदललं ते चाचांचं वागणं. तिनं “मासा बरा हाय” म्हटलं की ते ताबडतोब दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे, गिऱ्हाईक नसलं तरी वळायचे. दोन हजार सहाला तिचा नंबर लागला, माणसांच्या नाही, जनावरांच्या डॉक्टरकीला, उदगीरला. अण्णाराव दोन दिवस घुम्यासारखे होते. पहिल्याच सुट्टीत तिनं शेजारच्या गुणाबाईंची अडलेली म्हैस मोकळी केली, तेव्हापासून अण्णाराव गावभर ‘आमची डॉक्टरीण’ म्हणत हिंडायला लागले.

दोन हजार अकराच्या पावसाळ्यात ती पुन्हा दुकानात आली. पदवी झाली होती, हिमायतनगरच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात नेमणूक मिळाली होती, दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचं होतं. चाचा आता हळू चालायचे. जमादार गेला होता, त्याच्या पेटीत ईदची लायटिंग होती. वर्षाराणीनं पिशवीतून तीच जुनी बरणी काढून त्यांच्या समोर ठेवली. रिकामी, घासून पुसून लख्ख.

“परत द्यायला आले, चाचा.”

“अगं, तुझीच हाय ती. ठेव की.”

“उलटी करून बघा.”

चाचांनी बरणी उलटी केली. बुडाला एक चिठ्ठी होती, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावलेली, त्यामुळे इतक्या वर्षांत खराब न झालेली. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवरच्या चष्म्यावर ओढला आणि वाचलं. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘तय्यबचाचांची अमानत. निळा. १९ जून २००५.’ आणि खाली वेगळ्या शाईत: ‘इंतकाल, उदगीर, ४ डिसेंबर २००७.’

चाचांनी वरच्या तारखेवर बोट ठेवलं. म्हणाले, “त्याच दिवशी कळलं?”

“बघितल्या बघितल्या. माझा फेब्रुवारीपासून आरशाकडं बघतच नव्हता, चाचा. किती पण लावा, नुसता पडून राहायचा. आन् तुम्ही तर म्हणून राहिले, बघ कसा फुलला.” ती हसली. “लई खूश झाले होते तुम्ही.”

“मग ‘हाच हाय’ कशाला म्हणलीस?”

वर्षाराणी स्टुलाशेजारी खाली बसली, पूर्वी बसायची तशी. “मला परत यायचंच नव्हतं. लई भेव वाटत होतं. बाबाला न्हाई म्हणायची हिंमत न्हाई. तुम्हीच सांगितलं होतं, लई झालं तर अडीच वर्षं. म्या बोटांवर मोजलं, जून-जुलैत भरत होते. म्हणून त्याच्यावर कौल लावला. म्हणलं, तो मरंल आन् मी सुटंन. आईच्या फोटोखाली बसून रोज वाट बघत होते, मेल्याचा फोन कधी येतो म्हणून.”

“म्हणजे,” चाचांचा आवाज चढला, “मरणारा जीव हाय हे माहीत असून माझ्या अमानतीत ठेवलास? अमानतीत असं ठेवतात व्हय? मी त्याला बदामाचं पान घालून राहिलो, ह्या बाईनं ओढणीनं अळ्या गाळल्या, आन् तू…”

“आन् तुम्ही?”

 आत भांड्यांचा आवाज थांबला होता. चाची पडद्यामागं उभी असणार.

वर्षाराणीनं त्यांच्या हातातून बरणी घेतली आणि पदरानं तिचं बूड पुसलं, पुसायची गरज नव्हती तरी. “किल्लारीत समदे मला ‘जा’ म्हणत होते, चाचा. बाबा, मास्तर, समदं गाव. जा, डॉक्टर हो. ह्या नव्या माशाला बघितलं आन् कळलं, मला ‘ये’ म्हणणारं पण कुणीतरी हाय. त्याच्यासाठी नांदेड म्हणा, हैदराबाद म्हणा, कुठं कुठं जाऊन आलंय. मग आले.”

“नांदेड,” चाचा म्हणाले. 

मग ते उठले, गल्ल्याशेजारची तंबाखूची डबी उघडली आणि आतली पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. वर्षाराणी अण्णाराव, किल्लारी, निळा, आणि पुढे एक ‘इं’. त्यांनी कागद बरणीच्या बुडावर टेकवला आणि राहिलेली अक्षरं पुरी केली. तारीख त्यांच्या लक्षात होती.

“कुठं पुरला?” वर्षाराणीनं विचारलं.

“चल, दाखवतो,” चाचा म्हणाले. दोन्ही चष्मे कपाळावर चढवून ते अंगणाकडे निघाले, आणि उंबऱ्याला ठेचकाळले तेव्हा पडद्यामागून चाचीचा हात आला आणि त्यानं त्यांना धरलं.